रीफ टँकमधील उपद्रवी जीव: ओळख कशी पटवावी आणि बंदोबस्त कसा करावा

सागरतळ (धागाकर्ता)

रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, अनोळखी जीव दिसला की बहुतेक जण थेट त्याला मारण्याचा उपाय शोधू लागतात. माझे ठाम मत आहे की त्या जीवाची निदान वंशापर्यंत तरी ओळख पटल्याशिवाय टँकमध्ये एक थेंबही औषध पडता कामा नये. याचे कारण साधे आहे. खाऱ्या पाण्याच्या बंदिस्त टँकमध्ये फक्त नको असलेल्याच जीवाला लागू पडेल असे औषध जवळपास मिळतच नाही. चपट्या कृमींवरचे औषध इतर कृमींनाही लागते, तांबड्या किड्यांवरचे औषध कोळंबी आणि खेकड्यांना मारते, आणि लाइव्ह रॉकमधील (जिवंत सूक्ष्म जीवांची वस्ती असलेल्या खडकांतील) जी सूक्ष्म जीवसृष्टी आपले पाणी स्वच्छ ठेवते तीच अनेकदा सर्वांत आधी बळी पडते.

सुरुवात निरुपद्रवी जीवांपासून करतो, कारण घाबरून विचारलेले बहुतेक प्रश्न त्यांच्याविषयीच असतात. काचेवर धावणारे पांढरे ठिपके बहुधा कोपेपॉड असतात. खडकाखाली वाकडी होऊन पळणारी, कोळंबीसारखी दिसणारी लहान मंडळी अॅम्फिपॉड असतात. फटीतून बाहेर पडून वाळूवर पसरलेले लांब, पारदर्शक धागे स्पॅगेटी कृमींचे असतात आणि ते वाळूवरचा गाळ वेचून खातात. भेगांतून हात हलवणारे चिमुकले ब्रिटल स्टार, रात्री काचेवर सरकणारी स्टोमाटेला गोगलगाय, आठ पट्ट्यांचे कवच असलेला कायटन आणि सम्पच्या (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीच्या) भिंतीवर दिसणाऱ्या पांढऱ्या, गुंडाळलेल्या सूक्ष्म नळ्या या सगळ्यांना आहे तिथेच राहू द्यावे.

ब्रिसल वर्मविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण त्याच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. गुलाबी-करड्या रंगाचा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या ताठ केसांचे झुबके असलेला हा कृमी उरलेले अन्न आणि मेलेले जीव खातो. तो मरणाऱ्या कोरलवर सापडतो म्हणून त्यानेच ते मारले असा निष्कर्ष काढला जातो, पण बहुतेक वेळा कोरल आधी सडू लागलेले असते आणि हा नंतर तिथे पोहोचतो. त्याची संख्या फार वाढली, तर त्याचा अर्थ टँकमध्ये गरजेपेक्षा जास्त अन्न पडते आहे एवढाच घ्यावा. खरा फायरवर्म, म्हणजे हर्मोडिस कॅरंक्युलाटा, वेगळा असतो. त्याच्या डोक्यावर चुणीदार मांसल उंचवटा असतो, केसांच्या झुबक्यांच्या मुळाशी तांबूस कल्ले दिसतात आणि तो जिवंत कोरल खातो. दोघांपैकी कोणालाही उघड्या हाताने धरू नये. केस त्वचेत मोडून राहिले, तर चिकटपट्टी लावून ती अलगद ओढून काढावी.

ओळख पटवण्यासाठी माझी पद्धत अशी आहे. दिवे बंद होऊन दोनेक तास झाल्यावर लाल प्रकाशाच्या टॉर्चने टँक पाहावा, कारण अनेक जीवांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही आणि ते बिळात पळत नाहीत. छायाचित्र मात्र पांढऱ्या प्रकाशात घ्यावे. निळ्या दिव्यांखाली सगळेच जीव सारखे चमकतात आणि खरा रंग कळत नाही. येथे ओळख विचारताना जीवाचा आकार मिलिमीटरमध्ये, तो कशावर बसला होता, दिवसा दिसला की रात्री, आणि पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट किती आहे, एवढी माहिती द्यावी ही विनंती.

भरती_ओहोटी

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या टँकमध्ये लाइव्ह रॉकवर काचेसारखी पारदर्शक, तपकिरी झाक असलेली लहान फुले दिसू लागली आहेत. लांबट देठ, वर टोकदार, बारीक स्पर्शिका, आणि जवळ बोट नेले की क्षणात भोकात गडप होतात. दोन दिसत होती, ती आता बरीच झाली आहेत. एक मी चिमट्याने ओढून काढले, पण काही दिवसांनी त्याच जागी तीन उगवली. हे ऐप्टेशियाच असावे का?

सागरतळ (धागाकर्ता)

होय, वर्णन आणि वागणूक दोन्ही ऐप्टेशियाचीच आहे. एकाची तीन का झाली, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. हा समुद्रफुलाचाच प्रकार असून त्याच्या पायाच्या चकतीचा लहानसा तुकडा जरी खडकावर राहिला, तरी त्यातून नवा पूर्ण जीव तयार होतो. म्हणून त्याला खरवडणे, कापणे, ओढणे किंवा घासणे या चारही गोष्टी त्याच्या प्रसाराला मदत करतात.

संख्या कमी असेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॅल्कवासरची पूड, आरओ पाण्यात कालवून सिरिंजमधून जाईल अशी घट्ट पेस्ट करावी. टँकमधले सर्व पॉवरहेड (पाणी फिरवणारे पंप) आणि सम्पमधून पाणी परत आणणारे रिटर्न पंप बंद करावेत. सिरिंजची बोथट सुई हळूहळू, पाणी न हलवता फुलाच्या तोंडापाशी न्यावी आणि पेस्ट तोंडावर अलगद सोडावी. घाईने सुई खुपसली तर ते आत ओढून घेते आणि पेस्ट वाया जाते. अन्न मिळते आहे असे वाटून ते काही वेळा स्वतःच पेस्ट गिळते, आणि तेव्हा परिणाम सर्वांत चांगला होतो. नंतर भोकावरही पेस्टचा थर द्यावा आणि काही वेळ पंप बंदच ठेवावेत. पेस्टचा पीएच १२ च्या आसपास असल्याने एका बैठकीत फार फुलांवर प्रयोग करू नये. टँक लहान असेल तर मोजक्याच फुलांवर थांबून पीएच तपासावा आणि उरलेली दुसऱ्या दिवशी घ्यावीत. पेस्ट शेजारच्या कोरलवर पडली तर तेही भाजते. हातमोजे आणि चष्मा वापरावा.

शिंपला_७

सागरतळ यांच्या पद्धतीत चूक काहीच नाही, पण खडकांच्या मागच्या बाजूला आणि ओव्हरफ्लोच्या (सम्पकडे पाणी सोडणाऱ्या कप्प्याच्या) आत जी फुले असतात तिथे सिरिंज पोहोचत नाही. अशा वेळी जैविक उपायाला पर्याय नाही असे माझे मत आहे. पेपरमिंट कोळंबी हा सर्वांत सोपा उपाय आहे. ती लहान ऐप्टेशिया चांगली खाते, मोठ्यांना मात्र सहसा टाळते. खरेदी करताना ती खरोखर लिस्माटा वंशाचीच आहे ना, हे पाहणे अत्यावश्यक आहे. कॅमल कोळंबी नावाची दुसरी कोळंबी दिसायला जवळची असते. तिच्या अंगावर ठळक पांढऱ्या रेषा आणि ठिपके असतात, पाठीवर उंचवटा असतो, आणि ती झोआ (बटणासारख्या तोंडांचे वसाहतीने वाढणारे जीव) व मऊ कोरल खाते.

नीलप्रवाह

पेपरमिंट कोळंबीवर एवढा भरवसा ठेवू नये असे मला वाटते. टँकमध्ये माशांसाठी पडणारे अन्न मुबलक असेल तर ती ऐप्टेशियाकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि काही कोळंब्या कोरलला भरवलेले अन्न त्याच्या तोंडातून हिसकावून घेतात. कॉपरबँड बटरफ्लाय माशाबद्दलही हेच म्हणावे लागेल. काही मासे ऐप्टेशिया फस्त करतात आणि काही त्याकडे दुर्लक्ष करतात, शिवाय हा मासा मुळात नाजूक आहे आणि अनेकदा नव्या टँकमध्ये अन्नच घेत नाही. केवळ कीड काढण्यासाठी मोठा मासा आणणे मला पटत नाही.

बर्घिया ही समुद्री गोगलगाय मात्र वेगळी आहे. ती ऐप्टेशियाशिवाय दुसरे काहीच खात नाही, त्यामुळे कोरलला तिच्यापासून धोका नाही. ती रात्री फिरते, आकाराने लहान असते आणि सुरुवातीचे कित्येक आठवडे ती जिवंत तरी आहे का, असा प्रश्न पडतो. तिने अंडी घालून पुढची पिढी तयार झाली की मग फरक दिसू लागतो. ती सोडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. सिक्स-लाइन रॅससारखे मासे आणि पेपरमिंट कोळंबी तिला खाऊन टाकतात, म्हणून शिंपला_७ यांचा उपाय आणि हा उपाय एकत्र चालत नाहीत. दुसरे म्हणजे पॉवरहेडच्या जाळीवर स्पंज लावावा, नाहीतर ती त्यात ओढली जाते. ऐप्टेशिया संपले की बर्घिया उपाशी मरते, म्हणून शेवटची काही उरली असतानाच ती ज्यांना हवी असेल त्यांना द्यावी.

शिंपला_७

रॅस असलेल्या टँकमध्ये बर्घिया टिकत नाही, हे मान्य आहे. त्याच कारणाने माझा कल कोळंबीकडे आहे. दोघांपैकी काय निवडायचे, हे टँकमध्ये आधीपासून कोणते मासे आहेत यावरच ठरेल.

प्रवाळशाखा

माझा प्रश्न अॅक्रोपोराविषयी, म्हणजे फांद्यांच्या कठीण कोरलविषयी आहे. एका फांदीचा रंग फिका पडत चालला आहे आणि बुडाच्या भागात गोलसर, फिकट ठिपके दिसतात. पॉलिप (कोरलची लहान तोंडे) नीट उघडत नाहीत. पाण्याचे सर्व मापदंड स्थिर आहेत. कीड काही दिसत नाही.

सागरतळ (धागाकर्ता)

कीड दिसत नाही, हेच अॅक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या कृमीचे वैशिष्ट्य आहे. तो जवळपास पारदर्शक असतो आणि खाल्लेल्या कोरलचाच रंग त्याच्या पोटात उतरतो, त्यामुळे तो फांदीवर बसलेला असूनही नजरेला पडत नाही. गोल, फिकट ठिपके हे त्याचे चावे असण्याची दाट शक्यता आहे. खात्री करण्यासाठी ती वसाहत बाहेर काढून टँकच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या भांड्यात कोरल डिप (कीड सुटावी म्हणून कोरल बुडवायचे औषध) मिसळून ठेवावी आणि मोठ्या पिपेटने फांद्यांच्या मधल्या जागेत पाण्याचे जोरदार झोत मारावेत. कृमी असतील तर ते सुटून भांड्याच्या तळाशी पडतात, आणि पांढऱ्या पृष्ठभागावर लंबगोल, कडा हलवणारे शरीर स्पष्ट दिसते.

डिपने मोठे कृमी मरतात, पण अंडी मरत नाहीत, आणि बहुतेकांचा उपाय इथेच फसतो. अंडी जिवंत ऊतीवर नसतात. बुडाशी जिथे कोरलचा सांगाडा उघडा पडलेला असतो तिथे सोनेरी-तपकिरी रंगाचे, चिकट, सपाट पुंजके असतात. भिंगातून त्यांतला प्रत्येक दाणा वेगळा दिसतो. ते सुरीच्या टोकाने खरवडावेत किंवा त्याहून चांगले म्हणजे मेलेला भाग कापून टाकून जिवंत फांद्या नव्या प्लगवर (कोरल चिकटवायच्या लहान चकतीवर) लावाव्यात. उरलेली अंडी फुटतील हे गृहीत धरून दर आठवड्याला डिप करावे आणि सलग काही आठवडे एकही कृमी न सापडल्याशिवाय थांबू नये. पाणी थंड असेल तर अंडी फुटायला अधिक वेळ लागतो, म्हणून त्या टँकमध्ये हा कालावधी आणखी वाढवावा.

नीलप्रवाह

मॉन्टिपोरावरच्या (थाळीसारख्या कठीण कोरलवरच्या) समुद्री गोगलगायीलाही हेच लागू होते. ती पांढरी, झालरीसारख्या उपांगांची, काही मिलिमीटरच लांब असते आणि थाळीच्या खालच्या बाजूला अंडी घालते. थाळीच्या कडेपासून आत सरकत जाणारा पांढरा पट्टा दिसला की आधी थाळी उलटून पाहावी.

प्रवाळशाखा यांनी एक गोष्ट आणखी तपासावी. पॉलिप बंद असून चाव्यांचे ठिपके नसतील, तर कारण तांबडे किडे असू शकतात. हे अर्ध्या मिलिमीटरचे कवचधारी जीव अॅक्रोपोराच्या त्वचेवर फिरतात. पिवळसर अंग आणि त्यावर लाल ठिपका, अशी त्यांची खूण आहे. ते फक्त भिंगातून किंवा जवळून घेतलेल्या छायाचित्रातच दिसतात. त्यावर मिल्बेमायसिन ऑक्सिम हे पशुवैद्यकीय औषध वापरतात. ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि टँकमधील सर्व कोळंबी, खेकडे आधी बाहेर काढावेत, कारण ते त्यांनाही तितकेच मारक आहे. कोपेपॉड आणि अॅम्फिपॉडही जातात, त्यामुळे मँडरिनसारखा त्यांच्यावरच जगणारा मासा असेल, तर पूर्ण टँकमध्ये औषध न टाकता कोरल वेगळ्या भांड्यात घेऊन उपचार करणे योग्य ठरेल.

वाळू_आणि_खडक

माझ्या टँकच्या काचेवर आणि वाळूवर विटकरी रंगाचे, शेपटीकडे दोन-तीन टोके असलेले चपटे ठिपके हजारोंच्या संख्येने पसरले आहेत. कोरल खाताना दिसत नाहीत. औषध आणून ठेवले आहे. आज रात्री टाकू का?

सागरतळ (धागाकर्ता)

कृपया आज टाकू नये. हे तांबडे चपटे कृमी कोरल खात नाहीत, मात्र कोरलवर थर करून बसले की त्याचा प्रकाश अडवतात. त्यांचा खरा धोका ते मरताना असतो. त्यांच्या शरीरात विष असते आणि हजारो कृमी एकाच वेळी मेले की ते पाण्यात उतरते. औषध काम करते, पण सकाळी मासे मेलेले आढळतात. म्हणून आधी संख्या कमी करावी. बारीक एअरलाइन नळीने सायफन करून, पाणी फिल्टर सॉकमधून गाळत, रोज जितके ओढता येतील तितके ओढावेत. दिवे लागून काही वेळ झाला की ते उजेडात येऊन एकत्र बसतात, ती वेळ सर्वांत चांगली. आठवडा-दोन आठवड्यांत काच बऱ्यापैकी मोकळी दिसू लागली की मग औषधाचा विचार करावा. त्या दिवशी ताजे कार्बन (पाण्यातील विष शोषणारा सक्रिय कोळसा) आणि पाणी बदलण्यासाठी मिसळून, तापमान जुळवून ठेवलेले खारे पाणी हाताशी असले पाहिजे. औषध टाकल्यावर टँकसमोरून उठू नये; कृमी सुटून पाण्यात तरंगू लागले की तेही सायफनने ओढत राहावेत आणि मासे जोरात श्वास घेताना दिसले तर लगेच कार्बन सुरू करून पाणी बदलावे.

सूक्ष्मदर्शक

वर नायट्रेट आणि फॉस्फेटचा उल्लेख आला आहे, त्यावरून तपकिरी थराविषयी लिहितो. वाळूवर तपकिरी थर दिसला की काहीजण त्याला डायटम (एकपेशीय शेवाळ) समजून थांबतात आणि काहीजण सायनोबॅक्टेरिया (सायनो, प्रकाशावर वाढणारे जीवाणू) समजून प्रतिजैविक टाकतात, पण तो डायनोफ्लॅजेलेट (डायनो, एक वेगळा एकपेशीय जीव) असेल तर दोन्ही निर्णय चुकतात. डायटम नव्या टँकमध्ये येतात आणि पाण्यातील सिलिकेट संपले की आपोआप ओसरतात. सायनोचा थर किरमिजी किंवा काळपट असतो आणि चादरीसारखा एकसंध निघतो. डायनोचा थर शेंबडासारखा ओघळता असतो, त्याच्या तारांच्या टोकांना हवेचे बुडबुडे अडकलेले असतात आणि तो रात्री विरळ होऊन दुपारपर्यंत पुन्हा दाट होतो. घरी करता येण्याजोगी एक चाचणी आहे. थराचा नमुना बाटलीत टँकच्या पाण्यासह जोरात हलवून कॉफी फिल्टरमधून गाळावा आणि गाळलेले पाणी उजेडात तासभर ठेवावे. त्यात पुन्हा शेंबडासारख्या तारा जमल्या तर डायनोची शंका धरावी.

खरी खात्री मात्र सूक्ष्मदर्शकातूनच होते. चारशे पटींच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली डायनोचा ऑस्ट्रिऑप्सिस हा प्रकार लिंबाच्या बीसारखा, एका बाजूला निमुळता दिसतो आणि त्या टोकाला दोरी बांधल्याप्रमाणे स्वतःभोवती गिरक्या घेतो. अॅम्फिडिनियम हा दुसरा प्रकार लंबगोल असून त्याला पुढे चोचीसारखे टोक असते आणि तो सरळ सरकत जातो. हा फरक केवळ माहितीपुरता नाही. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून मुख्य टँकमधूनच पाणी घेणारा, पुरेशा क्षमतेचा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा त्याला संपवू शकतो. मोठ्या पेशींचा अॅम्फिडिनियम रात्रीही वाळूतच राहतो, त्यामुळे यूव्हीवर केलेला खर्च वाया जातो. तिथे सिलिकेट देऊन डायटम वाढवणे आणि त्यांच्याकरवी त्याची जागा हिसकावणे, हा मार्ग अधिक उपयोगी पडतो. दोन्ही बाबतींत नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेलेले असतील तर ते आधी मोजता येतील इतके वर आणावेत, कारण अतिस्वच्छ पाण्यात इतर शेवाळ व जीवाणू उपाशी राहतात आणि डायनोला मोकळे रान मिळते. गोगलगायी मरू लागल्या तर थर विषारी आहे असे समजून कार्बन वाढवावे.

भरती_ओहोटी

कॅल्कवासरची पेस्ट लावली आहे आणि ज्यांच्या तोंडावर ती नीट बसली ती फुले परत आलेली नाहीत. ओव्हरफ्लोमधली अजून शिल्लक आहेत. रॅस आहे, त्यामुळे कोळंबीच आणेन. एक शंका आहे. त्याच खडकाच्या एका टोकावर तपकिरी, जाड, बटणासारख्या तोंडांची वसाहत पसरते आहे. तो खडक बाहेर काढून उकळत्या पाण्यात टाकला तर ऐप्टेशिया आणि ही वसाहत एकदमच संपेल, असे एकाने सुचवले आहे.

सागरतळ (धागाकर्ता)

कृपया तसे मुळीच करू नका. वर्णनावरून ती पॅलिथोआ, म्हणजे झोआचीच जवळची नातलग असावी. तिच्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन असते, जे ज्ञात असलेल्या अतिशय तीव्र नैसर्गिक विषांपैकी एक आहे. उकळल्याने ते सहज नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर ते हवेत पसरते. असे खडक उकळल्यामुळे किंवा गरम पाण्याने, ब्रशने साफ केल्यामुळे घरातील सगळी माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. ताप, श्वास लागणे, स्नायूदुखी, तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव आणि डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा, ही त्याची लक्षणे आहेत. जो लहानसा खडक पूर्ण काढता येतो, तो हातमोजे व बंद चष्मा घालून पाण्याखालीच बादलीत घ्यावा आणि टँकबाहेर न्यावा. कापणे, खरवडणे, सुकवून घासणे, उकळणे यांपैकी काहीही करू नये. घरातील मुले आणि पाळीव प्राणी त्या बादलीपासून दूर ठेवावेत. काम झाल्यावर त्रास जाणवला तर डॉक्टरांना पॅलिथोआचा उल्लेख करून सांगावे, कारण तो केल्याशिवाय कोणाच्या ते लक्षात येणे कठीण आहे.

भरती_ओहोटी

वेळेवर सांगितल्याबद्दल अत्यंत ऋणी आहे. तो खडक हाताएवढाच आहे, त्यामुळे तुम्ही सांगितल्याप्रमाणे पूर्णच बाहेर काढतो.

शिंपला_७

रात्री टँकमधून टकटक आवाज येतो म्हणून विचारणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. आवाज पिस्तूल कोळंबीचा असेल तर काही करण्याची गरज नाही. ती बिळातच राहते आणि अनेकदा गोबी माशासोबत राहते. आवाज मँटिस श्रिंपचाही असू शकतो. त्याचे डोळे देठांवर असून प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे फिरतो, आणि गोगलगायींची फुटलेली कवचे बिळाच्या तोंडाशी दिसतात. त्या बिळात बोट घालू नये. कोणता खडक आहे हे कळले की तो बाहेर काढून बिळात सोडा वॉटर सोडावे. मँटिस श्रिंप बाहेर येतो.

प्रवाळशाखा

डिपमध्ये वसाहत ठेवून पिपेटने झोत मारले. तळाशी चपटे कृमी पडले आणि बुडाशी सोनेरी अंड्यांचा पुंजकाही सापडला. फांद्या कापून नव्या प्लगवर लावल्या आहेत, जुना बुंधा टाकून दिला आहे. आता शेजारच्या अॅक्रोपोराही एकेक करून डिपमध्ये घ्याव्यात का, की लक्षणे दिसेपर्यंत थांबावे?

सागरतळ (धागाकर्ता)

थांबू नये. ज्या सुटून निघू शकतात त्या सर्व अॅक्रोपोरा आत्ताच घ्याव्यात, लक्षणे असोत वा नसोत. ज्या खडकाला घट्ट चिकटल्या आहेत, त्यांच्यावर टँकमध्येच रोज पिपेटने झोत मारावेत. तुमच्याकडे रॅस असतील तर ते सुटलेले कृमी टिपतील, पण त्यांच्या भरवशावर डिप थांबवू नये. इथून पुढे येणारा प्रत्येक फ्रॅग (कोरलचा कापलेला तुकडा) जुन्या प्लगवरून काढून, नव्या प्लगवर लावून, डिप करून मगच क्वारंटाइन टँकमध्ये ठेवावा. अंडी बहुधा त्या जुन्या प्लगवरूनच येतात.